तेलात अजून जीव हाय

दोन बोटं तेलात बुडवायची, अंगठ्यावर चोळायची, नाकाशी न्यायची, मग हात उन्हात धरून डोळे बारीक करायचे. एवढं झालं की गाडीवाल्याकडे न बघताच बोलायचं, "अजून जीव हाय, पाव्हणं. राहू द्या."

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल त्या माणसाचं शास्त्र ते एवढंच. आणि एवढ्याशा शास्त्रावर त्याने सानपाड्यापासून शिरवण्यापर्यंतची माझी गिऱ्हाइकं नेली.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणूस आणखी मोठा होतो, आणि तो होता तेवढा मोठा पुरे झाला. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे. मिस्त्री मी पण होतो, त्याच्या आधीपासून. पण रस्त्यावर कोणी नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की तोच धरायचा. मला ओळखायचं तर पुढे काहीतरी जोडावं लागायचं. कोणी 'अलीकडचा मिस्त्री' म्हणे, कोणी 'दसऱ्याचा मिस्त्री'. हे दुसरं नाव कुठून निघालं ते मला माहीत आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलो. मिठागरावर हात कमी पडत होते म्हणून बापाने शाळेतून काढला. पुढे कुर्ल्याला लॉरीवर क्लीनर झालो, तिथून एका उस्तादाच्या गॅरेजात शिरलो. उस्तादाने शिकवलं ते मी आजपर्यंत सोडलेलं नाही. त्यातली पहिली गोष्ट ही, की गिअरचं तेल दर दसऱ्याला बदलायचं. गाडी कमी चालली असो, जास्त चालली असो. दसरा आला की जुनं तेल खाली, नवं तेल आत, मग बॉनेटला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. सरकारने मिठागरं घेतली, शेतं घेतली, गावाच्या अंगावरून मोठा रस्ता गेला, तेव्हा रस्त्याकडेला उरलेल्या तुकड्यावर मी पत्रे टाकले. ह्या पट्ट्यातलं पहिलं गॅरेज माझं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हल्ली कोणी बोलत नाही.

तो आला मराठवाड्यातून, दुष्काळ पडला होता त्या दिवसांत. बीडकडचा. रस्त्याच्या ठेकेदाराच्या डंपरवर कामाला लागला आणि ठेकेदार गेला तरी हा राहिला. रस्त्यापलीकडे करंजाचं एक झाड होतं, त्याच्याखाली त्याने एक लाकडी पेटी मांडली आणि गाड्या बघायला लागला. बरोबर माझ्यासमोर. मी स्टुलावर बसलो की नाकासमोर तो.

तो सगळ्यांना 'पाव्हणं' म्हणायचा. ड्रायव्हरला, पोलिसाला, टपालवाल्याला, मला. माझा आजा इथे मीठ ओढत मेला, बाप मेला, माझी नाळ इथे पुरलेली, आणि हा परवा आलेला माणूस मला पाहुणा म्हणतो. मी एकदा रस्ता ओलांडून सांगायला गेलो होतो की पाहुणा तू आहेस. अर्ध्या रस्त्यातून परत आलो. ट्रक येत होता म्हणून.

शहरातलं घाऊक मार्केट इकडे आलं तसे कांद्या-बटाट्याचे ट्रक वाढले. ड्रायव्हर माझ्याकडे यायचे, मी गिअरखालचा नट खोलायला पाना घ्यायचो, आणि त्यातला एखादा बोलायचा, थांबा, त्या मिस्त्रीला दाखवून येतो. मग तो दोन बोटं, तो अंगठा, ते नाक, ते ऊन. अजून जीव हाय, पाव्हणं. ड्रायव्हर खूश होऊन गाडी घेऊन जायचा. काम न करून माणसाचं नाव होतं हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं. तुम्ही पण बघितलं असेल. एखादा डॉक्टर औषध देत नाही, नुसता पाठीवर हात ठेवतो, आणि लोक चपला झिजवून त्याच्याकडेच जातात. क्लच गेला, स्प्रिंगचे पाटे तुटले, की तेच ड्रायव्हर बिनबोभाट त्याच्याकडे. का, तर तो उगाच खर्चात पाडत नाही. म्हणजे मी पाडत होतो.

आमचं भांडण समोरासमोर कधी झालं नाही. रस्त्याच्या ह्या कडेवरून त्या कडेला झालं, तेही मध्ये गाडी नसेल तेव्हा.

एकदा तो तिकडून बोलला, "पाव्हणं, दर वर्षी चांगलं तेल कशाला ओतून देता? डब्यावर काय दसरा छापलाय का?"

मी बोललो, "तुझ्या बोटावर छापलंय का?"

त्याने खरोखरच बोटं वर करून उलटीपालटी करून बघितली आणि हसला. त्याच्याकडचे ड्रायव्हर हसले. माझ्या पत्र्याखाली बसलेले दोघे होते, ते पण हसले. त्या दिवसापासून मी 'दसऱ्याचा मिस्त्री'.

दसऱ्याच्या दिवशी त्याची पेटी बंद असायची. तो बौद्ध होता. त्या दिवशी बायको-मुलांना घेऊन पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघायचा. इतर दिवशी ग्रीसने काळा दिसणारा माणूस त्या दिवशी असा धुतलेला दिसायचा की गावातल्या बायका थांबून बघायच्या. मी गाडीखालून अर्धा बाहेर, कोपरापर्यंत तेल, तोंडावर तेल. तो पलीकडून हात करायचा. मी पाना दाखवायचो. त्याला वाटायचं मी पण हात करतोय.

आता दादाचं सांगतो. माझा मोठा भाऊ. जमिनीचे पैसे आले तेव्हा गावात कोणी माडी बांधली, कोणी दागिने केले. दादाने अँबेसिडर घेतली. गावातली ती पहिली गाडी. नवरी आणायची तर ती, बाळंतीण न्यायची तर ती, कोर्टाची तारीख असली तरी ती. गाडी घरात आली तेव्हा मी तिच्या चाकाला हात लावून मनात बोललो होतो, हिला माझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही. पहिल्या दसऱ्याला तेल बदललं. दुसऱ्याला बदललं. तिसऱ्या दसऱ्याला सकाळपासून मी नवं तेल काढून ठेवलं, हार आणला, आणि दादा आलाच नाही. संध्याकाळी मी विचारलं तर बोलला, "कनाला बदलाचं? कालच मिस्त्रीला दाखवलं. अजून जीव हाय बोलला."

सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, माझ्या अंगणात उभा राहून मला त्या माणसाचं वाक्य ऐकवत होता. पुढे मला कळलं की तो त्याच्या घरी जेवूनही आला होता. आमच्या गावात त्या वेळी कोण कुणाच्या घरी पाणी पितो हे लोक बघायचे. दादाने तिथे भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, आणि घरी येऊन वहिनीला सांगितलं की असा ठेचा तुला जमत नाही. वहिनी माझ्याकडे येऊन रडली. मी तिला बोललो, तुझा ठेचा नेला, माझा भाऊ नेला, आपण दोघं सारखीच.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीची वाट बघत बसलो. दादाचा गिअर कधी रडतो. गाडी रस्त्यावरून गेली की मी कान द्यायचो. दुसरा पडला की तिसऱ्याला किरकिर येते का, घरघर येते का. नाही आली. वर्षं गेली, नाही आली. गाडी अशी निघून जायची, जशी काय लोण्यातून सुरी. दर वेळी माझा जीव जळायचा.

मग दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी करावे गावची, खाडीकाठची. वैशाखातली पौर्णिमा होती. वऱ्हाड गेलं, मांडवात गर्दी, गाडी लावायला जागा नाही. दादाने हार घातलेली अँबेसिडर बांधाच्या खाली, होड्या ओढून ठेवतात तिथे लावली. मी बोललो, आज उधाणाची भरती आहे. पण नवरदेवाच्या बापाला त्या दिवशी कोण ऐकवणार. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि वाढप्याने येऊन सांगितलं की तुमच्या गाडीची दारं पाण्यात आहेत.

सगळी पंगत खरकट्या हाताने बांधावर. गाडी पाण्यात उभी, बॉनेटवरचा झेंडू पाण्यावर तरंगत चाललेला. पाणी उतरेपर्यंत काही करता येईना. उतरल्यावर कोणाचे तरी बैल आणले, गाडीला दोर बांधला आणि तिला वर ओढलं. नवीन सून दुसऱ्याच्या टेम्पोतून घरी आली.

आणि बैलांनी ओढलेली ती गाडी टेम्पोला बांधून दुसऱ्या दिवशी सानपाड्याला आणली, तेव्हा मी पत्र्याखाली उभा होतो. हात धुऊन उभा होतो. माझ्या भावाची गाडी, माझ्या पुतण्याच्या लग्नात बुडालेली, माझ्या खाडीच्या पाण्यात. स्टिअरिंग धरलेला दादा माझ्याकडे बघून हसला, मान हलवली, आणि गाडी पलीकडे वळवली. करंजाखाली.

माझ्या पत्र्याखाली तेव्हा करावेचे दोघे व्याही-मंडळींतले बसले होते. त्यातला एक बोलला, "तुमचाच गॅरेज ना हो हा?" मी बोललो, आज बंद आहे.

दोन दिवस तो त्या गाडीवर राबला. हे मी बघत होतो, खोटं कशाला बोलू. प्लग सुकवले, डिस्ट्रिब्यूटर पुसला, इंजिनचं तेल ओतून नवं घातलं, सीटं काढून उन्हात टाकली. इंजिन उभ्या उभ्या चालू करून दाखवलं. गाडी जागची हलवली नव्हती, कारण ब्रेक अजून भिजलेले. दादा संध्याकाळी माझ्याकडे आला, तोंडात पान. उद्या पहाटे नवरा-नवरीला घेऊन कार्ल्याला आईच्या दर्शनाला जायचं, घाट चढून. वहिनी, दादाच्या दोन्ही मुली, विहीण, सगळे त्यात.

मी विचारलं, "गिअर बघितला का त्याने?"

"बघितला ना. अजून जीव हाय."

"वरनं बघितला का खालनं?"

"वरनं. पायाखालचा रबर उचलून झाकण खोलला, बोटं घातली. तेल सोन्यासारखा."

दादा गेला. मी स्टुलावर बसून राहिलो आणि माझ्या डोळ्यापुढे घाट यायला लागला. तुम्हाला सांगतो, खाडीकाठी वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. घासलेटच्या डब्यात पाणी पडलं तर ते तळाला बसतं, वर घासलेट स्वच्छ दिसतं. करावेच्या मासळीच्या गाड्या मी खोलल्या होत्या. खालचा नट काढला की आधी खारं पाणी यायचं, मग तेल. उभ्या गाडीत वरून बोट घालशील तर तेलच लागेल, आणि ते सोन्यासारखंच असेल. गाडी चालली की पाणी-तेल घुसळून ताक होणार, आणि ताकावर गिअर घाट चढत नसतात. उतरताना तर देवाचं नाव. माझा उस्ताद कुर्ल्याचा, त्याला भरती माहीत नव्हती. पण पावसाळ्यातली मोठी उधाणं संपली की दसरा येतो. म्हणून आमच्या पट्ट्यात दसऱ्याचं तेल बरोबर बसतं. हे मी इतकी वर्षं जाणून होतो. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

मी रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरा ओलांडला. ट्रक येत होता, तो थांबला.

तो भाकरी खात बसला होता. आजूबाजूला चार ड्रायव्हर. मला बघून उठला आणि स्वतःची पेटी पुसून पुढे सरकवली. "या पाव्हणं. बसा. चहा सांगतो."

"चहा नको. दादाच्या गाडीचा खालचा नट खोल."

"बघितलंय की मी. जीव हाय."

"बघितल्यापासून गाडी हलली का?"

"नाय हलली."

"मग खोल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता भांडेल, आणि खरं सांगायचं तर मला भांडणच हवं होतं. त्याने हात धोतराला पुसले, पाना घेतला आणि गाडीखाली सरकला. नट फिरला. मी उभ्यानेच ऐकत होतो. तेल पडताना आवाज करत नाही, जाड पडतं. हे खळखळ पडलं.

बराच वेळ पाणीच पडत होतं. मग काळं-पिवळं, मग तेल. तो बाहेर आला तेव्हा त्याची दोन बोटं ओली होती. अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. मग जिभेला लावली.

"खारं हाय," तो बोलला. आणि मग हसला, स्वतःवरच. "पाव्हणं, आमच्याकडं विहिरीत पाणी नसतंय. ते गिअरात असंल हे मला कसं सुचावं?"

आता इथे एखादा माझ्यासारखा असता तर गाडीवाल्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्याने नेली नाही. दादाला बोलावलं, सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, ह्यांच्यामुळं तुमची माणसं वाचली. मग ड्रायव्हरांकडे वळून बोलला, "हितून पुढं खाडीवरल्या गाड्या ह्यांच्याकडं न्यायच्या. मला भरती कळत नाय."

झालं. मी जिंकलो. निदान मला तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून सानपाडा, शिरवणे, करावे, सगळीकडे एकच बोलणं. काय तो मिस्त्री. केवढ्या मनाचा. सगळ्यांसमोर चूक कबूल केली. असा माणूस बघायला मिळत नाही. कार्ल्याहून दादा धड परत आला, गाडी धड, सून धड, प्रसादाचा नारळ घेऊन आधी पलीकडे गेला आणि मग माझ्याकडे. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून बोलला, "मोठा मानूस हाय रे तो."

पाणी कोणी ओळखलं? रस्ता कोणी ओलांडला? पण चूक करूनही तोच मोठा झाला, आणि बरोबर असून मी होतो तेवढाच. मी खोबरं खाल्लं. खवट लागलं. दादा म्हणतो ताजं होतं.

त्या वर्षी दसऱ्याला दादाची गाडी सकाळीच माझ्या दारात. मला आनंद झाला, मी हार पुढे केला. दादा बोलला, "त्यानं धाडलाय. बोलला, दसऱ्याला तुमच्या भावाकडंच जा." माझा सख्खा भाऊ माझ्याकडे परत आला तोही त्याच्या सांगण्यावरून. मी तेल बदललं. नट जरा जास्तच आवळला.

पुढे रेल्वे यायची म्हणून जागा मोजल्या. करंजाचं झाड आखणीत गेलं. माझे पत्रे वाचले, थोडक्यात. लोकांना वाटलं मी पेढे वाटीन. त्याला दुसरीकडे जागा मिळत होती, पण त्याने ठरवलं की आता गावी जायचं. बीडला रस्त्याला लागून मेव्हण्याची जागा होती. भंगारातून घेऊन स्वतः उभी केलेली त्याची एक जीप होती. सामान, बायको, मुलं घालून तो त्याच जीपने निघणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी तो जीप घेऊन माझ्या पत्र्याखाली आला.

"गिअरचं तेल बदला, पाव्हणं. लांब जायचंय."

मी बोललो, तू बदलतोस कधी? तो बोलला, आजपतुर नाय बदललं. पण आज तुमच्या हातानं बदला.

मी खाली गेलो, नट काढला. तेल आलं. पाणी नाही, कचरा नाही, लोखंडाचा चुरा नाही. काकवीसारखं, सरळ धार. त्याला वरून दिसत नव्हतं म्हणून मी दोन बोटं धारेत धरली, अंगठ्यावर चोळली. हात गाडीबाहेर उन्हात काढता येत नव्हता, तो बघत होता. पण मला कळलं. त्याला येण्याआधीच कळलेलं असणार.

वरून त्याचा आवाज आला. "कसं हाय, पाव्हणं?"

"खराब झालंय," मी बोललो. "बरं झालं आणलीस."

"वाटलंच मला," तो बोलला. त्याचे पाय मला दिसत होते. जागचे हलले नाहीत.

नवं तेल घातलं. त्याने चहा घेतला, माझ्या स्टुलावर बसून. समोर बघत होता, जिथे करंज होता. तो उठला. माझ्या तोंडातून आलं, "या पुन्हा, पाव्हणं." तो इतका हसला की जीपमध्ये बसूनही हसत होता. सकाळी गेला. खाडीवरच्या पुलाकडे नाही, पनवेलच्या बाजूला. दुसरा, तिसरा, गिअर पडत गेले, मी ऐकत होतो. कुठे किरकिर नाही.

तो परत आला नाही. त्या बाजूचा एखादा ट्रकवाला आला तर मी विचारत नाही. कशाला विचारू. आजही कोणी 'मिस्त्री कुठे गेले हो' असं विचारलं की माझं डोकं फिरतं. मिस्त्री इथेच आहे, दिसत नाही का.

माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच सांगतो. गिअरचं तेल दर दसऱ्याला बदला, चर्चा नको. गाड्या रांगेने येतात, मी सगळ्यांची बदलतो. फक्त माझा स्वतःचा टेम्पो त्या दिवशी मी मागच्या बाजूला नेऊन लावतो. त्याच्या जीपचं ते तेल मी फेकलं नव्हतं, त्यात घातलं होतं. लोक हार-नारळात गुंतले की मागे जातो, झाकण काढतो, दोन बोटं घालतो आणि हात उन्हात धरतो.

मग झाकण लावून पुढे येतो.